लंडनच्या वाटेवरचे दहा तास

पेडण्याचे गोकुळदास कोरगावकर वजनमापे खात्यात निरीक्षक होते, आणि साऱ्या नोकरीत त्यांना एकही सरळ माणूस भेटला नव्हता. भेटलाही असेल, पण त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. तागडी समोर आली की ते आधी दुकानदाराच्या डोळ्यांत बघत, मग काट्याकडे. नारळ घेताना कानाशी हलवून बघणारे पुष्कळ असतात. गोकुळदास नारळवाल्यालाही हलवून बघणाऱ्यांतले. घरी दूध आले की ते मापाने मोजून घ्यायचे, गिरणीतले पीठ काट्यावर चढवायचे आणि कुणी वाटेत "बऱ्याच दिवसांनी दिसलात" म्हटले की विचारायचे, "का? काय काम होतं?"

असल्या माणसाच्या मुलीला लंडनचे स्थळ सांगून आले.

मुलगा डिचोलीकडच्या पाळी गावचा, गौरेश गावस. वडील भिकाजी गावस यांचे दोन ट्रक खाणीवर होते. मुलगा पॅकिंगची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, राहायला लंडनात, सध्या रजेवर. स्थळ आणले प्रभावतीबाईंच्या, म्हणजे गोकुळदासांच्या पत्नीच्या, लांबच्या मामांनी. मुलगी शीतल तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात हिशेब बघायची. बघण्याचा कार्यक्रम ठरला, शिरा झाला, मुलगा दिसायला बरा, बोलायला नम्र. गोकुळदासांना तेवढ्यानेच शंका आली. एवढा नम्र माणूस उगीच असत नाही.

"मुंबईहून विमान किती वाजता सुटतं?" त्यांनी सहज विचारावे तसे विचारले.

"सकाळी सात," गौरेश म्हणाला.

"आणि पोचतं?"

"साडेअकराला. बरं पडतं, जेवण घरीच होतं."

"येताना?"

"येताना लंडनहून सकाळी दहाला निघालो, मुंबईत उतरलो तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते," असे म्हणून गौरेशने शिऱ्याचा आणखी एक चमचा तोंडात टाकला.

गोकुळदासांचा कप ओठांपाशी जाऊन थांबला. जाताना साडेचार तास. येताना साडेचौदा. कपाळावरची रेघही न हलवता त्यांनी चहा संपवला आणि विषय पाळीच्या हवेकडे नेला. तूट सापडली की दुकानदाराला कळू द्यायची नाही, हा त्यांच्या खात्यातला पहिला धडा.

मंडळी गेल्यावर मात्र ते ओट्यापाशी येऊन उभे राहिले.

"दहा तास!"

प्रभावतीबाई ताटल्या विसळत होत्या. "कसले दहा तास?"

"वाट तीच, आकाश तेच. जाताना साडेचार तास लागतात, येताना साडेचौदा. मधले दहा तास हा मुलगा होता कुठे?"

गंभीर प्रसंगी गोकुळदास शुद्ध मराठी बोलत. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून दोन वर्षे झाली होती. राज्यभाषा कोंकणी की मराठी यावरून पेडण्यात इतके वाद झाले होते की सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते; बोलायचे तरी कुठल्या भाषेत, हा प्रश्न होताच. गोकुळदासांनी आपल्यापुरता तो सोडवला होता. जेवण कोंकणीत, पंचनामा मराठीत.

"तेकाच विचारा मगे," प्रभावतीबाई म्हणाल्या. "नायतर शीतलाक विचारा. ती शिकलेली आसा."

"आधी कळवून कोण धाड घालतो? विचारलं की तो हिशेब दुरुस्त करून सांगेल."

"बाबा," शीतल आतून म्हणाली, "अहो, तिथलं घड्याळ..."

"घड्याळाचं मला सांगू नकोस. सगळी मापं खोटी असू शकतात, त्यात घड्याळ आलंच. आणि होणाऱ्या नवऱ्याच्या बाबतीत मुलीने बोलू नये."

शीतल गप्प झाली. जरा जास्तच चटकन गप्प झाली, पण त्या दिवशी गोकुळदासांचा सगळा संशय लंडनच्या वाटेवर खर्च झाला होता. घरासाठी शिल्लक नव्हता.

शेजारी धाकू राहायचा. तो पणजी-सावंतवाडी मार्गावर सरकारी बस चालवायचा, त्यामुळे प्रवासाच्या बाबतीत त्याचा शब्द प्रमाण. त्याने सगळे ऐकून घेतले, विडी विझवली आणि आवाज खाली आणला.

"काका, माणूस वाटेत उगीच थांबना नाय. मी म्हापशाक कित्याक थांबतंय? थंय माझ्या मेव्हणीचा घर. चाय घेतंय, बांगडे घेतंय. लोक बोंबलतत, बोंबलांदे. पण ती झाली अर्ध्या तासाची गजाल. दहा तास म्हणजे चाय न्हय, काका. दहा तास म्हणजे जेवण, आणि जेवल्यावर निज."

"म्हणजे?"

"म्हणजे घर आसा."

गोकुळदासांच्या डोळ्यांपुढे घर उभे राहिले. लंडन आणि मुंबईच्या मध्ये कुठेतरी, खिडकीला पडदा, आत एक गोरी बाई काहीतरी तळते आहे, आणि दारात गौरेशच्या नाकाची दोन मुले विमानाची वाट बघताहेत. त्यांना त्या मुलांची दयासुद्धा आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाला कायतान पोदेर सकाळचे उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन आला. त्याचा भाऊ बोटीवर आचारी होता. गोकुळदासांनी उंडे दाबून, मोजून घेतले आणि लांबच्या प्रवासाचा विषय काढला.

"म्हजो भाव सांगता," कायतान म्हणाला, "बोटीर कप्तान दर रातीं अर्दो वर काडून घेता."

"अर्धा तास काढून घेतो? कुणाकडून?"

"सगळ्यांकडल्यान."

"आणि ठेवतो कुठे?"

हे कायतानाला माहीत नव्हते. "येतना परत दिता म्हणटात," एवढे बोलून तो पुढच्या घराकडे भोंगा वाजवीत निघून गेला. गोकुळदास उंडे हातात धरून अंगणात उभेच राहिले. तेल कमी भरणारे, रॉकेलच्या मापाला आतून पोचा पाडणारे, तागडीखाली चिंचेचा गोळा चिकटवणारे, सगळे त्यांनी पकडले होते. पण प्रवाशांचे तास काढून घेणारे कप्तान! हे आपल्या खात्याच्या कायद्यात बसते का, याचा विचार करीत ते त्या दिवशी आंघोळ विसरले.

आता अंतर मोजणे भाग होते. त्यासाठी पृथ्वी हवी, आणि पेडण्यात पृथ्वीचा गोल एकाच ठिकाणी, शाळेत. मुख्याध्यापक कृष्णनाथ मास्तर त्यांचे स्नेही. पण गोल कपाटात, कपाटाची किल्ली कारकुनाकडे, आणि कारकून म्हणाला, अर्जाशिवाय पृथ्वी मिळणार नाही. गोकुळदासांनी अर्ज लिहिला. कारकुनाने तो उलटसुलट बघितला आणि विचारले, मराठीत का लिहिलात? मग शिपायाने विचारले, कोंकणीत का लिहायचा? त्या दोघांचे जुंपले, आणि तेवढ्यात मास्तरांनी स्वतः कपाटाचे दार ओढले तर ते उघडेच होते.

गोकुळदासांनी खात्याची शिक्का मारलेली पोलादी टेप काढली. टेप गोलाला चिकटेना, म्हणून आधी दोरा लावला, मग दोरा टेपेवर धरला. मुंबई ते लंडन, मास्तरांच्या हिशेबाने सात हजार दोनशे किलोमीटर. वाटेत डोंगर, वाळवंट, एक समुद्र, आणि अगदी मधोमध कुणा विद्यार्थ्याने पाडलेला शाईचा डाग.

"नेमका इथेच डाग," गोकुळदास म्हणाले. "खाली गाव कुठलं आहे?"

"ते पुसून गेलं," मास्तर म्हणाले. "पण तुमच्या हिशेबाने विमान जाताना ताशी सोळाशे किलोमीटर जातं आणि येताना पाचशे. जाताना तोफेचा गोळा, येताना खटारा." मास्तरांनी डोळे मिटले. त्यांनी डोळे मिटले की शास्त्र बाहेर पडायचे. "समजलं! पृथ्वी फिरते. विमान वर जातं, खालून पृथ्वी फिरत राहते. जाताना लंडन आपणहून विमानाकडे येतं. येताना मुंबई पुढे पुढे पळते."

"मग मी वर उडी मारली तर खालून तुयें यायला हवं."

"उडी लहान पडते हो. तुयें नाही, पण दोनचार बोटं फरक पडेलच."

गोकुळदास मापाच्या बाबतीत तोंडी पुरावा घेत नसत. त्यांनी अंगणात बाक आणवला, खडूने जमिनीवर रेघ मारली, धोतराचा काचा मारला आणि बाकावरून उभ्या उभ्या उडी घेतली. तेव्हा शाळेत पालकांची सभा नुकतीच सुटत होती हे दोघांच्याही ध्यानात राहिले नव्हते. पृथ्वी जिथल्या तिथे होती. गोकुळदासांचा घोटा मात्र दोनचार बोटे सरकला. दोन पालकांनी त्यांना धरून घरी आणले, आणि संध्याकाळपर्यंत पेडण्यात पसरले की वजनमापांचे कोरगावकर पृथ्वीचा गोल बघून बाकावरून उड्या मारतात.

घोट्याला पट्टी बांधून ते पणजीला गेले. तिथे विमानाची तिकिटे देणारे एक खाजगी कार्यालय होते. काउंटरवर एक मुलगी तीन परदेशी पाहुण्यांशी बोलता बोलता फोनवर चौथ्याशी बोलत होती. तिने वेळापत्रक यांच्यापुढे सरकवले. मुंबई सात, लंडन साडेअकरा. लंडन दहा, मुंबई साडेबारा. गौरेश म्हणाला अगदी तसेच.

म्हणजे एकटा गौरेश नव्हे. सबंध विमान! चारशे माणसे रोज दहा तास बेपत्ता होतात आणि कुणी चकार शब्द काढत नाही!

"बाई, हे विमान मध्ये थांबतं का?"

"नाही. थेट जातं."

"मग येताना इतका वेळ?"

"सगळे टाइम लोकल आहेत, अंकल," मुलगी फोनवर हात ठेवून म्हणाली.

गोकुळदासांना आत काहीतरी उमगल्यासारखे झाले. लोकल बस काय प्रकार असतो, हे त्यांना पेडणे-म्हापसा वाटेवर पुरते माहीत होते. "म्हणजे जाताना थेट, येताना लोकल?"

"दोन्हीकडे थेट. टाइम लोकल."

"थेट विमान लोकलच्या टाइमाने चालवता? हे लिहून द्या."

"तुम्हाला तिकीट हवंय का? पासपोर्ट दाखवा."

गोकुळदासांनी पासपोर्टऐवजी खात्याचे ओळखपत्र दाखवले. त्याचवेळी त्यांची नजर कोपऱ्यातल्या बॅगा तोलायच्या काट्यावर गेली. त्याच्यावर चालू वर्षाचा शिक्का नव्हता! अपमानाने पोळलेल्या माणसाला देव असे कधीमधी काहीतरी देतो. लंगडत जाऊन त्यांनी एका गोऱ्या बाईची बॅग काट्यावरून खाली उतरवली आणि पंचनामा सुरू केला. मालक आतून आला. त्याने आवाज चढवला नाही, फक्त विचारले, "पणजी तुमच्या हद्दीत येते?"

पणजी त्यांच्या हद्दीत येत नव्हती. मालकाने फोन फिरवला, पलीकडच्याशी दोन शब्द बोलला आणि फोन गोकुळदासांच्या हातात दिला. पलीकडे त्यांचे साहेब होते. साहेब एवढेच म्हणाले, "कोरगावकर, घरी जा." ते इतक्या मायेने म्हणाले की गोकुळदासांना मेमो मिळाला असता तर बरे वाटले असते.

परतीच्या बसमध्ये त्यांनी ठरवले, आता थेट मुळावर घाव. रविवारी, न कळवता, पाळी.

डिचोली सोडल्यावर खाणीच्या ट्रकांची रांग लागली. पांढराशुभ्र सदरा घालून निघालेले गोकुळदास पाळीला उतरले तेव्हा सदरा काव लावल्यासारखा झाला होता. भिकाजी गावस ओसरीवर बसले होते. त्यांनी उठून यांना खुर्ची दिली, पत्नी रुक्मिणीबाईंनी पाणी आणले, आणि दोघे यांच्या घोट्याकडे बघत राहिले.

"पाय कसो आसा?" रुक्मिणीबाईंनी विचारले. "शाळेत उडी मारल्यात, तोच मां हो?"

धाकूचा चुलतभाऊ भिकाजींच्याच ट्रकावर होता, हे गोकुळदासांना आत्ता आठवले.

"ती उडी शास्त्रीय होती," ते म्हणाले.

"हां हां. आणि पणजेक गोऱ्या बायलेची बॅग ओढल्यात म्हणे?"

"ओढली नाही. उतरवली. काट्यावर शिक्का नव्हता."

नवराबायकोने एकमेकांकडे बघितले. रुक्मिणीबाई पदराशी चाळा करीत म्हणाल्या, "आमका संशय घेवची सवय नाय हां. पण मुलाचा लग्न म्हटल्यार विचारूचा पडता. तुमच्या घराण्यात आणि कोण असो... उडी मारता?"

जन्मभर लोकांना तपासलेल्या माणसाला त्या ओसरीवर पहिल्यांदा कळले की तागडीत बसल्यावर कसे वाटते. त्यांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. रुक्मिणीबाई चहाचे निमित्त करून आत गेल्या आणि भिकाजींनी खाकरून तेच पुढे नेले, "बोलणी जरा थांबवया, असा आमचा मत आसा."

थांबवूया! गोकुळदास खुर्चीतून अर्धवट उठले. शीतलचा चेहरा डोळ्यांपुढे आला. गेले काही दिवस ती घरात काहीतरी गुणगुणत असायची, आणि आपल्या एका उडीपायी तिचे ठरत आलेले लग्न मोडणार. पण तोंडातून आले ते भलतेच.

"थांबवा! खुशाल थांबवा! पण आधी तुमच्या मुलाच्या दहा तासांचा हिशेब द्या!"

"कसले दहा तास?"

गोकुळदासांनी सांगितले. जाणे, येणे, सोळाशे, पाचशे, शाईचा डाग, लोकल टाइम. ऐकता ऐकता भिकाजींचा चेहरा बदलत गेला. शेवटी त्यांनी खुर्ची जवळ ओढली, आत गेलेल्या बायकोचा कानोसा घेतला आणि हळू आवाजात म्हणाले,

"तुमका पण ता दिसला?"

"म्हणजे?"

"गेल्या वर्सा मी तेका हाडूक मुंबयक गेल्लंय. थंयच बसान बोटां मोजली. दहा तास! काळजाचा पाणी झाला. पण बापूस मी, विचारू कसो? आणि हिका सांगलंय तर ही जेवण सोडतली."

"कोण जेवण सोडतली?" दारामागून आवाज आला.

मग तिलाही सगळे सांगावे लागले. रुक्मिणीबाईंनी कपाळाला हात लावला आणि परसात ट्रकाखाली शिरलेल्या गौरेशला हाक मारली. तो ग्रीसने काळे झालेले हात पुसत ओसरीवर आला. तीन मोठी माणसे ओळीने बसलेली, तिघांची नजर आपल्यावर.

"ते दहा तास," भिकाजी शेवटी म्हणाले, "तू खंय जातस?"

प्रश्न कळायला गौरेशला वेळ लागला. कळल्यावर त्याने हसू आवरायचा प्रयत्न केला, पण तो पुरता जमला नाही.

"कुठेच नाही जात, बाबा. विमानाला जाताना येताना नऊदहा तासच लागतात. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, तिथे साडेपाच तासांनी. म्हणून तिथली घड्याळं मागे. इथून सातला निघालं की इथल्या घड्याळाप्रमाणे पोचायला पाच वाजतात, पण तिथल्या भिंतीवर तेव्हा साडेअकराच असतात. येताना उलटं."

भिकाजींनी बोटे मोजली. गोकुळदासांनी मोजली. पुन्हा मोजली. तूट नव्हती. गोरी बाई, पडदा आणि नाकाची दोन मुले हवेत विरून गेली, आणि खरे सांगायचे तर गोकुळदासांना किंचित चुकल्यासारखेच वाटले.

"उदाहरण देऊन सांग," ते म्हणाले. माप दोनदा तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"सोपं आहे," गौरेश आता मोकळा झाला होता. "मी तिथे दुपारी बाराला जेवायला सुटतो, तेव्हा इथे साडेपाच वाजलेले असतात. त्याच वेळी तुयेचा कारखाना सुटतो. म्हणून फोन बाराच्या ठोक्याला लागला तर लागला, नाहीतर शीतल बस पकडून निघून..."

तो थांबला. पण वाक्य पुरेसे पुढे गेले होते.

रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याची धूळ आली आणि बसली.

"बघायला आलात तेव्हा," गोकुळदास सावकाश म्हणाले, "तुम्ही माझ्या मुलीला नाव विचारलं होतं."

"हो," गौरेश म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"दोनदा विचारलं होतं."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी कंपनीने त्याला तुयेच्या कारखान्यात यंत्र बसवायला पाठवले होते. काम आठवड्याचे, पण यंत्र सारखे बिघडत राहिले आणि त्याला महिनाभर राहावे लागले. यंत्र काही बिघडत नव्हते. पुढे फोन. आणि ते लांबचे मामा पाळीला आपणहून आलेच नव्हते. त्यांना धाडले होते.

गोकुळदासांनी भिकाजींकडे बघितले. भिकाजी आधीच त्यांच्याकडे बघत होते. दोघा बापांच्या तोंडावर अगदी एकसारखा भाव होता.

"व्याहीबुवा," भिकाजी म्हणाले, "आमका दोघांकय बनवल्यानी हो!"

ते हसले, आणि त्यांचे हसणे इतके मोकळे होते की गोकुळदासांनाही हसू फुटले. व्याहीबुवा! मघाशी थांबलेली बोलणी कुणीही न सुरू करता सुरू झाली होती. रुक्मिणीबाई साखर आणायला उठल्या, पण मुलाच्या पाठीत एक धपाटा घालूनच आत गेल्या.

संध्याकाळी गोकुळदास लंगडत, तांबडे होऊन घरी पोचले. शीतलने दारातच त्यांच्या तोंडाकडे बघितले आणि तिला काय ते कळले. तिने मान खाली घातली.

"लग्न मे महिन्यात," गोकुळदास म्हणाले. आवाज कडक ठेवायचा त्यांनी ठरवले होते, पण तो मऊच निघाला. "मुलगा सरळ आहे. म्हणजे, विमानाच्या बाबतीत सरळ आहे. बाकी तो आणि तू मिळून कुणालाही विकून खाल."

शीतल रडता रडता हसली आणि आत पळाली. गोकुळदास स्वयंपाकघरात गेले आणि पाटावर बसून प्रभावतीबाईंना सगळे सांगू लागले. तुयेचा कारखाना, फोन, बिघडणारे यंत्र, धाडलेला मामा. प्रभावतीबाई माशांच्या हुमणात सोलं घालीत होत्या. त्यांनी "अगो बाय" म्हटले नाही. हातातला डाव खाली ठेवला नाही. मागे वळूनही बघितले नाही.

गोकुळदास बोलता बोलता थांबले. मामा कुणाचा?

"गो," ते म्हणाले, आणि या खेपेला शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेले, "तुका ठावक होता?"

प्रभावतीबाईंनी कढईवर झाकण ठेवले.

"भात निवता," त्या म्हणाल्या. "जेवूक बसा."